पिलबाग

खानदेशातील माणसाला कबड्डीचा मोठा सामना पाहावयाचा झाला, म्हणजे तो दुसऱ्याच्या गावचाच पाहावा लागतो. मुंबईस संघ आहे, पुण्यास संघ आहे. जयपूर, पाटणा, दिल्ली यांनाही आपापले संघ आहेत. परंतु जळगाव किंवा धुळे हे नाव छातीवर मिरवीत प्रो कबड्डी लीगच्या मैदानात उतरलेला संघ अद्याप कोणी पाहिलेला नाही. त्यामुळे आम्हां खानदेशी प्रेक्षकांपुढे दरसाल एक नाजूक प्रश्न उभा राहतो, तो असा की, ‘आपले’ म्हणावे तरी कोणास? जळगावास आमचे बिऱ्हाड आणि धुळ्यास आमची सासुरवाड. एरंडोल-पारोळ्यावरून जाणारा रस्ता आमच्या नित्याचा. या दोन्ही गावी आम्ही हा प्रश्न विचारून पाहिला आहे. कोणी मुंबईचा पक्ष घेतो, कारण त्याचा भाऊ ठाण्यास असतो. कोणी गेल्या साली जो जिंकला त्याचा पक्ष घेतो, आणि दरसाल निष्ठा बदलूनही आपण एकनिष्ठच आहो असे मानतो. आम्ही पुण्याचा पक्ष घेतला.

पुण्याविषयी खानदेशी मनात थोडी अढी असते, हे येथे सांगितले पाहिजे. आमची मुले शिकावयास पुण्यास जातात, दिवाळीस महाराष्ट्र एक्स्प्रेसने घरी येतात, आणि चार वर्षांनी पाहावे तो त्यांच्या जिभेवरची अहिराणी उतरून गेलेली असते. जे गाव आपली मुले घेते व परत देत नाही, त्या गावावर प्रेम करणे सोपे नसते. तरीही पुणेरी पलटण या संघाने आमचे मन ओढून घेतले, आणि आश्चर्य हे की, ते त्याने हरत असताना ओढले.

ही लीग सुरू झाली 2014 सालच्या जुलै महिन्यात. तोवर कबड्डी, म्हणजे आमच्या बालपणीचा हुतूतू, हा खेळ मध्यमवर्गीय घरांतून जवळजवळ हद्दपार झाला होता. गुडघे फुटतात, सदरे फाटतात आणि अभ्यास बुडतो, असे तीन आरोप त्यावर होते व तिन्ही खरे होते. वास्तविक या खेळाचा इतिहास लहान नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील शारीरिक शिक्षणाच्या कार्यकर्त्यांनी त्याला नियमांच्या चौकटीत बसविले. आमच्या शेजारच्या वऱ्हाडातील अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तो जगापुढे करून दाखविला. आणि 1990 साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्याला पदकाचा मान मिळाला. परंतु मान निराळा आणि घरातील दिवाणखान्यात प्रवेश निराळा. तो प्रवेश या लीगने मिळवून दिला. मातीच्या जागी गादी आली, अनवाणी पायांत बूट आले, आणि ज्या घरांत खेळाचे नाव काढणे गुन्हा होता त्या घरांत रात्रीचे जेवण सामन्याच्या वेळेप्रमाणे पुढेमागे होऊ लागले.

त्या पहिल्या हंगामात आठ संघ होते व पुणेरी पलटण आठवी आली. दुसऱ्या हंगामातही आठवी आली. सलग दोन वर्षे तळाशी बसण्याचा हा पराक्रम पाहून आमच्या घरातील मंडळींनी तिचे नाव ‘शेपूट’ असे ठेवले होते. पुढे संघचालकांनी तेच केले जे असल्या प्रसंगी बहुतेक धनवान मंडळी करतात: नामांकित, तयार खेळाडू आणले. त्याचा गुणही आला. 2016 साली झालेल्या दोन्ही हंगामांत पलटणीने तिसरा क्रमांक पटकावला. परंतु तिसऱ्याचा दुसरा काही होईना, मग तिसराही राहीना. आणि 2019 च्या हंगामात, तोवर बारा झालेल्या संघांत, ती दहाव्या जागी जाऊन पोचली. पाच वर्षे, इतका खर्च, इतकी नावे, आणि शेवटी पुन्हा तळाजवळच.

येथून पुढे जे घडले, ते समजून देण्यासाठी आम्ही वाचकांस क्षणभर तापीकाठी नेतो. रावेर, यावल, चोपडे या भागात केळीच्या बागा आहेत. 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. केळीचा धर्म असा आहे की, एका खोडाला एकदाच घड येतो. घड उतरला की ते खोड, कितीही जाड, कितीही डौलदार असो, निरुपयोगी. परंतु त्याच्या बुडाशी पिले फुटलेली असतात. जाणता बागाईतदार ही पिले आरंभी निर्दयपणे कापीत राहतो, कारण ती मूळ झाडाचे बळ खातात. योग्य वेळ आली म्हणजे मात्र त्यांतले एकच, अरुंद तलवारीसारख्या पानांचे, जोरकस पील राखतो व बाकीची काढून टाकतो. त्या एका पिलावर दुसरे पीक येते. त्यालाच पिलबाग म्हणतात. नवी लागवड करणे हे पैशाचे काम आहे. पिलबाग राखणे हे नजरेचे काम आहे. कोणते पील ठेवावे आणि ते केव्हा ठेवावे, हे पुस्तकात वाचून येत नाही.

पलटणीने 2019 नंतर जे केले ती पिलबागच होय. या लीगमध्ये लिलावाच्या बाहेर नव्या तरुण खेळाडूंना ठराविक मानधनावर संघात घेण्याची एक सोय आहे. ज्यांचे नाव कोणी ऐकलेले नाही, ज्यांच्यावर बोली लागण्याचा संभवच नाही, अशी विशीच्या आगेमागेची मुले तीतून येतात. बहुतेक संघ त्यांना राखीव बाकावर बसवून विसरतात. पलटणीने त्यांना मैदानात उतरविले. पंकज मोहिते हा चढाईपटू त्या दहाव्या क्रमांकाच्या हंगामातच आलेला. त्यानंतर दोन वर्षांनी, कारण मधले वर्ष महामारीने गिळले, हरियाणाचा मोहित गोयत आणि त्या वेळी अहमदनगर म्हणविणाऱ्या जिल्ह्यातील टाकळीभानचा अस्लम इनामदार हे दोघे आले. अस्लमचे पितृछत्र लहानपणीच हरपलेले. गरिबीत वाढलेला हा मुलगा चढाईला जाई तेव्हा असा जाई की, जणू समोरच्या अंगणात हरवलेली आपली एखादी वस्तू आणावयास निघाला आहे. त्याच्या चालीत ना दिमाख होता, ना आरडाओरड. तो जाई, पाही, नेमके जे घ्यावयाचे ते घेई आणि परत येई. नाशिकचा आकाश शिंदे, तमिळनाडूचा अबिनेश नादराजन, गौरव खत्री, संकेत सावंत ही पोरे त्यांच्या जोडीस जमली.

बेंगळुरूत, प्रेक्षकांविना, बंद दारांआड झालेल्या 2021-22 च्या त्या हंगामात या मुलांनी आरंभी भरपूर सामने गमावले. परंतु त्या हरण्यात आम्हांस प्रथमच काही निराळे दिसले. पूर्वीची पलटण हरे तेव्हा सात नामांकित माणसे निरनिराळी हरत. आता सात पोरे एकत्र हरू लागली होती. हा भेद कबड्डीत फार मोठा आहे. क्रिकेटमध्ये एखादा फलंदाज एकटा सामना फिरवू शकतो. कबड्डीत एक चढाईपटू तीस सेकंदांत चार गडी बाद करील. परंतु त्यानंतर त्याला मागे उभे राहून बचाव करावाच लागतो, आणि बचाव हा एकट्याचा कधीच नसतो. कोपऱ्यातल्याने घोट्यात हात घातला, तर शेजारच्याने त्याच निमिषी अंगावर झेप घेतली पाहिजे. अर्धा क्षण उशीर झाला तर ज्याने हात घातला तो बाद; अर्धा क्षण घाई झाली तर दोघेही बाद. हा मेळ लिलावात विकत मिळत नाही. तो वर्षानुवर्षे एकाच ताटात जेवल्याने, एकमेकांच्या चुकांवर चिडल्याने आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी त्याच गादीवर उभे राहिल्यानेच येतो.

त्या हंगामात पलटण सहावी आली. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात उत्तर प्रदेशच्या संघाकडून 42-31 अशी हरली. आमच्या घरी त्या रात्री कोणी फारसे हळहळले नाही. परंतु पिले जोमाने फुटली आहेत, एवढे दिसले होते.

पुढच्या वर्षी बी. सी. रमेश हे प्रशिक्षक म्हणून आले. या गृहस्थांनी पूर्वी बेंगळुरू व बंगाल या दोन संघांना विजेतेपद मिळवून दिले होते. त्याच वर्षी इराणचा नामवंत बचावपटू फजल अत्राचली याला 1 कोटी 38 लक्ष रुपयांना घेऊन पलटणीने त्याच्याकडे नेतृत्व सोपविले. पोरांच्या घरात एक कर्ता पुरुष असावा, असा तो विचार असावा. 2022 च्या डिसेंबरात संघ प्रथमच अंतिम सामन्यास पोचला. परंतु ऐन वेळी अस्लम व मोहित ही दोन्ही घोडी जायबंदी. मुंबईच्या त्या सामन्यात जयपूरने 33-29 असा विजय मिळविला. चार गुणांचे अंतर. आमच्या गल्लीतील एक वृद्ध, ज्यांना दूरदर्शन-संच स्पष्ट दिसत नाही, ते दर दहा मिनिटांनी ‘काय व्हयनं?’ म्हणून विचारीत होते; शेवटच्या वेळी त्यांना उत्तर द्यावयास कोणी तयार होईना.

आता एक प्रश्न विचारावा. असा संघ, जो विजेतेपदापासून चार गुणांवर थांबला, त्याने दुसऱ्या वर्षी काय करावे? बहुतेक सूज्ञ लोक म्हणतील, जे आहे ते तसेच राखावे. पलटणीने आपला कर्णधारच सोडला. फजल अत्राचली लिलावात गेला, गुजरातने त्याला घेतले. आणि कप्तानीची धुरा अस्लमच्या खांद्यावर आली. जाड, डौलदार खोड कापावे व तलवारीच्या पानांचे पील राखावे, असाच हा प्रकार. आम्हांस तो त्या वेळी धाडसाचा वाटला व आजही वाटतो. कारण पील जोरकस निघेलच अशी हमी बागाईतदारालाही नसते.

त्याच 2023 सालच्या ऑक्टोबरात चीनमधील हांगझौ येथे आशियाई स्पर्धांचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला. पंचांच्या एका निर्णयावरून वाद होऊन खेळ बराच वेळ बंद पडला होता, आणि शेवटी भारत 33-29 असा जिंकला. भारताच्या चमूत अस्लम आणि आकाश हे दोघेही होते. समोर इराणच्या बचावात मोहम्मदरेझा शादलू हा धिप्पाड तरुण होता. या सामन्यानंतर दोनच दिवसांनी मुंबईस लीगचा लिलाव सुरू झाला आणि पलटणीने त्या शादलूला 2 कोटी 35 लक्ष रुपये देऊन घेतले. म्हणजे शनिवारी ज्याच्या पकडीतून निसटावयाचे, त्याच्याच शेजारी आता हातात हात घालून उभे राहावयाचे! परदेशी नेत्याच्या मागे देशी पोरे, हा पूर्वीचा क्रम उलटला. देशी पोराच्या हाताखाली परदेशी वीर उभा राहिला. त्या हंगामात शादलूने पकडींचे 99 गुण मिळविले. त्याच्यासारखा बचाव त्या वर्षी दुसऱ्या कोणी केला नाही.

2023-24 चा हा दहावा हंगाम आम्ही विसरणार नाही. साखळीतील 22 सामन्यांपैकी पलटणीने 17 जिंकले, 3 बरोबरीत सोडविले व अवघे 2 गमावले. उपांत्य सामन्यात पाटण्याला 37-21 असे नमविले. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणाशी गाठ पडली. हा सामना देखणा झाला असे कोणी म्हणणार नाही. दोन्ही बाजूंचे बचाव इतके सावध की चढाईमागून चढाई रिकामी जाई, आणि तिसरी ‘करो वा मरो’ची आली म्हणजे श्वास रोखून धरावा लागे. अशा कोंडीत पंकज मोहितेने एका चढाईत चार गडी टिपले आणि पारडे झुकले. पंकज म्हणजे तोच, दहाव्या क्रमांकाच्या हंगामातला. शेवटी 28-25. हंगामातील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान अस्लमला मिळाला. आठव्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत यावयास पलटणीला दहा हंगाम लागले होते.

येथे कथा संपवावी असा मोह कोणासही होईल. परंतु खेळाची खरी गोडी त्याच्या निष्ठुरपणात आहे. पुढच्या लिलावात शादलू हरियाणाकडे गेला. 2024 च्या हंगामात अस्लमच्या गुडघ्याला दुखापत होऊन त्याला बसावे लागले, आकाश शिंदेने धुरा वाहिली. परंतु विजेती पलटण आठव्या जागी घसरली. त्या हंगामाचा अंतिम सामना पुण्यासच, बालेवाडीस, 29 डिसेंबर 2024 रोजी झाला. आणि पुण्याच्या प्रेक्षकांना आपल्या घरच्या मांडवात हरियाणाच्या डोक्यावर मुकुट चढताना पाहावा लागला. त्या हरियाणाच्या बचावात शादलू होता. दहा महिन्यांपूर्वी ज्याच्यासाठी टाळ्या वाजविल्या, त्याच्यासाठी आता वाजवाव्यात की नाही, हा प्रश्न त्या रात्री आमच्या घरातही निघाला. आमच्या मातोश्रींनी तो चटकन सोडविला. त्या म्हणाल्या, “लेक सासरी गेली म्हणून काय तिचं कौतुक करू नये?”

हे सर्व आम्ही इतक्या तपशिलाने लिहितो याला एक कारण घडले. धुळ्यास आमचे मेहुणे एका बँकेत नोकरीस आहेत. त्यांचा मुलगा दहावी झाला. अभ्यासात मध्यम, कबड्डीत मात्र त्याच्या शाळेत त्याला जोड नाही. शाळेतील क्रीडाशिक्षकांनी सांगितले की, मुलाला पुण्यास एखाद्या चांगल्या मंडळात ठेवा, त्याच्या पायांत गुण आहे. झाले! घरात दोन पक्ष पडले व निवाड्यासाठी आम्हांस पाचारण आले. सासुरवाडीस निवाडा करणे हे किती जोखमीचे काम असते, हे विवाहित वाचकांस सांगावयास नको.

मेहुणे म्हणाले, “दाजी, तुम्हीच सांगा. क्लासला घातला तर चार वर्षांनी निदान इंजिनिअर तरी होईल. या खेळात काय होणार?” मुलगा काही बोलला नाही. तो आमच्याकडे अशा दृष्टीने पाहत होता की, आतोबा पलटणीचे सामने पाहतात, म्हणजे ते आपल्याच बाजूचे. त्याच्या आईने मात्र चहाचे पेले ठेवता ठेवता एकच प्रश्न विचारला: “त्या अस्लमचा गुडघा दुखावला, तेव्हा त्याच्यामागं संघ होता. आमच्या पोराचा दुखावला तर कोण पाहणार?”

त्या दिवशी विचारल्या गेलेल्या सर्व प्रश्नांत हा एकच खरा प्रश्न होता. लीगच्या झगमगाटात जी सात पोरे दिसतात, त्यांच्यामागे किती पोरे जिल्ह्याच्या निवडीतून परत फिरली, याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. बागेत जे पील राखतात ते आपल्याला दिसते. जी कापली जातात ती बांधावर पडून सुकतात. आपल्या मुलास खेळावयास पाठवा असे सांगणारा मनुष्य, ते मूल त्या बांधावर पडले तर त्याचे काय, याचे उत्तर जवळ ठेवून बोलला तरच त्याच्या बोलण्यास अर्थ आहे.

आणि लीग तरी चिरंजीव कोठे असतात? हॉकीचेच पाहा. 2005 साली देशात हॉकीची व्यवसायी लीग निघाली, तीत ‘मराठा वॉरियर्स’ नावाचा संघही होता. 2008 नंतर ती मिटली. 2013 साली दुसरी निघाली, तीत मुंबईचा संघ होता. तीही 2017 नंतर थांबली. 2024 च्या अखेरीस ती पुन्हा उभी राहिली तेव्हा तीत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. खडकीच्या गल्ल्यांतून धनराज पिल्ले निपजला त्या महाराष्ट्राची ही स्थिती! मधल्या वर्षांत जी पोरे ऐन विशीत होती त्यांनी काय करावे? पील कितीही जोमदार असो, बागाईतदारानेच बाग मोडली तर ते कोणास दोष देणार? कबड्डीच्या लीगने महामारीचे एक वर्ष सोडले तर 2014 पासून खंड पडू दिला नाही, म्हणूनच पलटणीला आठव्याचा पहिला होण्याइतका अवधी मिळाला. धीर हा खेळाडूंचा गुण आहे असे आपण म्हणतो. त्याआधी तो खेळ चालविणाऱ्यांचा गुण असावा लागतो.

म्हणून आम्ही मेहुण्यांस सांगितले ते असे. मुलाला पुण्यास धाडण्याची घाई करू नये. त्याने अकरावी-बारावी धुळ्यासच करावी व खेळ सोडू नये. राज्याच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, रेल्वे व पोलीस खात्यांचे संघ आहेत. तेव्हा लीगचा दरवाजा उघडला नाही तरी सगळी दारे बंद होत नाहीत. मात्र एक अट घालावी, आणि ती मुलास नव्हे, स्वतःस घालावी. पाच वर्षे त्याला ‘जिंकलास का?’ हा प्रश्न विचारू नये, ‘काय शिकलास?’ एवढाच विचारावा. मेहुण्यांनी सुस्कारा टाकला. ते म्हणाले, “हे दाजी, त्याला सांगण्यापेक्षा मला पाळणं अवघड आहे.” आम्हांस वाटते, सगळ्या बापांच्या वतीने ते बोलले.

गेल्या दोन पिढ्यांत खानदेशी मध्यमवर्गाने कष्ट पुष्कळ केले. परंतु वाट पाहण्याची सवय मात्र त्याच्या हातून सुटत चालली आहे. कापूस एका हंगामात घरात आला पाहिजे, मुलगा एका परीक्षेत लागला पाहिजे, संघ एका लिलावात बांधला गेला पाहिजे. जो एकदा हरला तो गेला, अशी आपली समजूत. हुतूतूचा एक जुना प्रकार ‘संजीवनी’ या नावाने ओळखला जातो. त्यात समोरचा गडी बाद झाला की आपला बाद गडी पुन्हा जिवंत होऊन मैदानात येतो. आजच्या कबड्डीतही हा नियम टिकून आहे. बाजूला बसलेला गडी संपलेला नसतो. तो आपल्या साथीदाराच्या चढाईकडे डोळे लावून बसलेला असतो. आमच्या घरांतून हा नियम मात्र कोणी शिकवीत नाही.

2025 साली पलटणीने तो पुन्हा गिरविला. अजय ठाकूर प्रशिक्षक झाले, अस्लम गुडघा सावरून कप्तानीवर परत आला, आदित्य शिंदेसारखी आणखी नवी पोरे पुढे आली. आणि आठव्या क्रमांकावरचा संघ एका वर्षात साखळीच्या माथ्यावर जाऊन बसला. 31 ऑक्टोबर 2025 रोजी दिल्लीस, दिल्लीच्याच संघाशी अंतिम सामना झाला. समोरच्या बचावात उभा होता फजल अत्राचली, पलटणीने सोडलेला तोच जुना कर्ता पुरुष. दिल्ली 31, पलटण 28. ज्या तीन गुणांनी हैदराबादेत चषक मिळाला होता, तितक्याच गुणांनी तो येथे हातचा गेला. कापलेले प्रत्येक खोड वाळतेच असे नाही, हेही त्या रात्री दिसले. आणि खरे सांगावयाचे तर, हरलो असूनही त्या तिशी ओलांडलेल्या इराण्याच्या डोळ्यांतील आनंद पाहून आमच्या मनात कडवटपणा उरला नाही.

धुळ्याचा मुलगा आता अकरावीत आहे. पांझरेकाठच्या मैदानावर तो सायंकाळी जातो. तेथे गादी नाही. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पायाला धरून ठेवते. एक शिक्षक शाळा सुटल्यावर, वेगळे मानधन न घेता, पंधरा-वीस पोरांना पकडीचे पाठ देत उभे असतात. गेल्या महिन्यात तालुक्याच्या सामन्यांत त्यांचा संघ पहिल्याच फेरीत हरला. जळगाव-धुळ्याचा स्वतःचा संघ कधी होईल हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु तो झालाच तर त्याचा आरंभ लिलावाच्या मंडपात होणार नाही, अशाच एखाद्या भेगाळलेल्या मैदानावर, पहिल्या फेरीत हरलेल्या पोरांमध्ये होईल. त्या शिक्षकांना पाच वर्षे तेथून कोणी हलवू नये, एक जुनी का होईना गादी कोणी मिळवून द्यावी, आणि पोरे घरी परतली म्हणजे दारात उभ्या असलेल्या बापाने आधी त्यांच्या गुडघ्याकडे पाहावे, निकाल मागाहून विचारावा. तूर्त एवढे झाले तरी पुष्कळ.